गाडीच्या कर्जाचे ऑनलाइन पान नव्याने बांधताना

गाडीच्या कर्जाच्या पानावर येणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोनच प्रश्न असतात. महिन्याला किती पडेल? आणि मला मिळेल का? बरीचशी पाने या दोन्हींचे उत्तर द्यायच्या आधी त्याचा मोबाईल नंबर मागतात. रंग बदला, फोटो बदला, बटणे गोल करा. हा क्रम तसाच राहिला तर गळती, म्हणजे अर्ध्यावर सोडून जाणारी माणसे, हीही तशीच राहते. खालच्या पायऱ्या अशा पानावर पहिल्यांदाच काम करणाऱ्यांसाठी आहेत, मग तुम्ही डिझायनर असा, डेव्हलपर असा किंवा पान ज्यांच्या नावावर आहे ते असा.

पायरी १: आधी मोजा

जुने पान नेमके कुठे गळते हे कळल्याशिवाय नव्या पानाचे चित्र काढू नका. किमान चार आठवड्यांचे आकडे घ्या, कारण एखाद्या आठवड्यावर सुट्टीचा, ऑफरचा किंवा महिनाअखेरीचा रंग चढलेला असू शकतो. नोंदवायचे टप्पे असे: पान उघडले, कॅल्क्युलेटरला हात लावला, अर्ज सुरू केला, प्रत्येक टप्पा पूर्ण केला, अर्ज पाठवला, मंजूर झाला, कर्जाचे पैसे दिले गेले. शेवटचे दोन आकडे वेबसाइटच्या ॲनालिटिक्समध्ये (भेटी आणि क्लिक मोजणाऱ्या साधनात) मिळत नाहीत, ते कर्ज देणाऱ्या संस्थेच्या यंत्रणेत असतात. अर्ज क्रमांकावरून दोन्हीकडची नोंद जोडून घ्यावी लागते आणि त्या परवानग्यांना वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी लावून द्या. त्यावाचून तुम्ही फक्त ‘अर्ज वाढले’ एवढेच सांगू शकाल. अर्ज वाढले आणि मंजुरी घटली, तर पान बिघडले आहे.

मोजताना एक खड्डा हमखास असतो. फॉर्म ‘गेट’ पद्धतीने पाठवला जात असेल तर भरलेले उत्पन्न, जन्मतारीख सगळे ब्राउझरच्या पत्त्याच्या ओळीत येते आणि तिथून ॲनालिटिक्सच्या नोंदीत जाऊन बसते. फॉर्म ‘पोस्ट’ने पाठवा, त्यात माहिती पत्त्यात दिसत नाही. लोकांच्या हालचालींचे रेकॉर्डिंग करणारे साधन वापरत असाल, तर उत्पन्न, ओळखपत्र क्रमांक आणि जन्मतारीख हे रकाने त्यात झाकलेले आहेत का, हे स्वतः एक रेकॉर्डिंग उघडून बघा. सेटिंगमध्ये टिक आहे एवढ्यावर विसंबू नका.

याच पायरीत रकान्यांची यादी करा. साध्या तक्त्यात चार खाने पुरतात: रकाना, तो कोणाला लागतो, कधी लागतो, नाही विचारला तर काय अडते. चौथा खाना रिकामा राहिला की तो रकाना काढायचा. ‘आधीपासून आहे’ हे उत्तर धरायचे नाही.

पायरी २: कॅल्क्युलेटर

पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

मासिक हप्त्याचे सूत्र ठरलेले आहे: मुद्दल × द × (१+द)^म ÷ ((१+द)^म − १). इथे ‘द’ म्हणजे महिन्याचा दर, म्हणजे वार्षिक दर भागिले १२, आणि ‘म’ म्हणजे एकूण महिने. ८,००,००० चे कर्ज, ९ टक्के दर, ६० महिने घेतले तर हप्ता १६,६०७ येतो आणि एकूण व्याज सुमारे १,९६,४०० होते. तुमचा कॅल्क्युलेटर हेच उत्तर देतो का ते आधी तपासा. मग दर शून्य टाकून बघा. बिनव्याजी योजनेत या सूत्रात शून्य भागिले शून्य होते, आणि पडद्यावर हप्त्याच्या जागी काहीतरी अगम्य अक्षरे झळकतात. शून्य दरासाठी वेगळा नियम लिहावा लागतो: मुद्दल भागिले महिने. हिशेब चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात करा, म्हणजे दशांशाच्या चुका साचत नाहीत. पूर्णांकात आणताना उरलेला फरक शेवटच्या हप्त्यात जिरवतात.

पानावरचा हिशेब आणि संस्थेच्या सर्व्हरवरचा हिशेब एकाच कोडमधून आला पाहिजे. पानावर एक हप्ता आणि मंजुरीपत्रात दहा-वीसने वेगळा, असे झाले की माणूस फरकाची रक्कम बघत नाही, त्याला आपण फसवले गेल्यासारखे वाटते.

आता स्लायडर, म्हणजे बोटाने सरकवून रक्कम निवडायची पट्टी. दिसायला छान, वापरायला त्रासदायक. समजा रक्कम १ लाख ते ५० लाख अशी ठेवली आणि फोनवर पट्टीची लांबी ३२० पिक्सेल आहे. म्हणजे एकेक पिक्सेल सुमारे १५,३०० चा. पायरी १०,००० ची ठेवली तर ४९० पायऱ्या ३२० पिक्सेलमध्ये कोंबल्या गेल्या. काही रकमांवर बोट कधीच थांबू शकणार नाही. माणूस ८,००,००० वर यायला बघतो, पट्टी ७,९०,००० वरून थेट ८,१०,००० वर उडी मारते आणि बोट उचलताना आणखी एक पायरी सरकते. तीन-चारदा असे झाले की तो ‘असू दे’ म्हणतो, किंवा निघून जातो.

उपाय सोपा आहे. रक्कम लिहायचा रकाना मुख्य ठेवा, दोन्ही बाजूंना उणे आणि अधिकची बटणे द्या, स्लायडर हवाच असेल तर सोबतीला ठेवा. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या मानकातही (ऑक्टोबर २०२३) ओढण्याच्या प्रत्येक क्रियेला न ओढता करता येणारा पर्याय मागितला आहे. बटणाचा आकार त्या मानकाप्रमाणे किमान २४ × २४ पिक्सेल चालतो, पण अंगठ्यासाठी ते अपुरेच. ॲपल ४४ आणि अँड्रॉइड ४८ एकके सुचवते, तेवढे ठेवा. मुदतीला स्लायडर नकोच. ३६, ४८, ६०, ७२, ८४ महिने अशी पाच बटणे ठेवली की काम झाले.

लिहायच्या रकान्यासाठी एचटीएमएलचा ‘नंबर’ प्रकार टाळा. काही ब्राउझरमध्ये रकान्यावर माउसचे चाक फिरले की आकडा गुपचूप बदलतो, आणि त्यात स्वल्पविराम दाखवता येत नाहीत. साधा मजकुराचा रकाना घ्या आणि ‘इनपुटमोड’ न्यूमेरिक करा. फोनवर आकड्यांचा कीबोर्ड येतो. अक्षरांचा आकार १६ पिक्सेलच्या खाली गेला तर आयफोनवरचा सफारी रकान्याला हात लावताच पान मोठे करतो आणि सगळी मांडणी बाजूला सरकते. आठ लाख की ऐंशी लाख हा घोळ टाळायला रकमेखाली ती अक्षरांत लिहून दाखवा.

गाडीची किंमत आणि डाउन पेमेंट हे जोडीने चालतात. माणसाने डाउन पेमेंट २,००,००० लिहिले आणि नंतर महागडे मॉडेल निवडले. आता २,००,००० कायम ठेवायचे की टक्केवारी? कोणीच ठरवले नसेल तर डेव्हलपर त्याला सोपे पडेल ते करतो. आमचे मत स्पष्ट आहे: माणसाने स्वतः लिहिलेल्या आकड्याला त्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

निकाल दाखवताना हप्ता, एकूण व्याज आणि एकूण परतफेड हे तिन्ही आकडे एकत्र दाखवा, हप्ता ठळक आणि बाकीचे बारीक करड्या अक्षरांत असे नको. वरच्याच कर्जाची मुदत ८४ महिने केली तर हप्ता १२,८७१ वर येतो, महिन्याला ३,७३६ वाचल्यासारखे दिसतात. व्याज मात्र सुमारे ८४,८०० ने वाढते. नुसता हप्ता दाखवणारे पान हे लपवते. निवडलेल्या मुदतीशेजारी आधीची आणि नंतरची मुदत दाखवणारा तीन ओळींचा तक्ता दिला की माणूस स्वतः ठरवतो.

निकालाच्या चौकटीची जागा आधीच राखून ठेवा, नाहीतर आकडा उमटताना खालचे बटण सरकते आणि बोट भलत्यावर पडते. सगळे अंक समान रुंदीचे असणारी फॉन्टची सोय वापरा. स्क्रीन रीडरला (पडद्यावरचे वाचून ऐकवणाऱ्या साधनाला) नवा हप्ता कळावा म्हणून ‘एरिया-लाइव्ह’ (aria-live) ही खूण लावा, पण माणूस थांबल्यानंतर साधारण अर्ध्या सेकंदाने. प्रत्येक कळीला आकडा वाचला गेला तर ऐकणाऱ्याचा जीव नकोसा होतो.

पायरी ३: दर सरळ सांगा

‘९ टक्क्यांपासून’ मधले ‘पासून’ हे घातक आहे. तो दर मोजक्या अर्जदारांना मिळतो, कॅल्क्युलेटर मात्र सगळ्यांना त्यावर हप्ता काढून देतो. त्याऐवजी दराचा पट्टा दाखवा आणि माणसाला आपली पतश्रेणी अंदाजे निवडू द्या: उत्तम, चांगली, मध्यम, माहीत नाही. ‘माहीत नाही’ निवडणाऱ्याला पट्ट्याच्या मधल्या दराने हिशेब द्या आणि तसे लिहा.

दर सरळ टक्क्याचा, म्हणजे फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ मुद्दलावर), की घटत्या शिलकीवरचा (फक्त उरलेल्या मुद्दलावर), हे दराला चिकटूनच लिहायचे. ८,००,००० वर ५ वर्षांसाठी ९ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ३,६०,००० आणि हप्ता १९,३३३. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर सुमारे १५.७ टक्के पडतो. दोन्ही पाटीवर ‘९ टक्के’ लिहिलेले असते.

शुल्काचेही तेच. मुद्दलाच्या २ टक्के प्रक्रिया शुल्क आधीच कापून घेतले तर ९ टक्क्यांचे ६० महिन्यांचे कर्ज प्रत्यक्षात सुमारे ९.९ टक्क्यांचे होते. सगळे धरून येणारा वार्षिक खर्चाचा दर निकालाच्या चौकटीतच दाखवा, तारांकित टिपेत ढकलू नका. विमा किंवा वाढीव वॉरंटी आधीच टिक करून हप्त्यात मिसळणे हा तर सरळ गंडवण्याचा प्रकार आहे. चौकटी रिकाम्या असाव्यात.

पायरी ४: पात्रता, मोबाईल नंबर न घेता

हप्त्याखालचे मुख्य बटण एकच ठेवा आणि त्यावर पुढे काय होणार ते लिहा. ‘पुढे चला’ किंवा ‘अर्ज करा’ यापेक्षा ‘कर्ज मिळेल का ते बघा’ बरे. बटणाखाली दोन गोष्टी हव्यात: किती वेळ लागेल, आणि यामुळे क्रेडिट स्कोअरवर परिणाम होईल का. अनेक देशांत प्राथमिक चौकशीची नोंद इतर संस्थांना दिसत नाही, प्रत्यक्ष अर्जानंतरच्या सखोल तपासणीची दिसते. कोणत्या बटणाने कोणती तपासणी होते हे संस्थेकडून लेखी घ्या, मगच वाक्य लिहा. ते चुकले तर नुसते डिझाइन चुकत नाही.

प्रश्न चार पुरे: उत्पन्न, सध्याचे हप्ते, नोकरी की व्यवसाय, वय. यातला उत्पन्नाचा प्रश्न सगळ्यांत निसरडा. नुसते ‘उत्पन्न’ लिहिले तर कोणी महिन्याचे भरतो, कोणी वर्षाचे. कोणी हातात येणारे, कोणी कपातीआधीचे. वर्षाच्या रकान्यात महिन्याचा आकडा पडला की चांगला अर्जदार नाकारला जातो आणि दोघांनाही कारण कळत नाही. लेबल पूर्ण लिहा: ‘महिन्याला हातात येणारी रक्कम’. आकडा संशयास्पद वाटला तर अर्ज अडवू नका, तिथेच विचारा: ‘हे महिन्याचे की वर्षाचे?’

विक्री विभागाकडून इथे विरोध होईल, नंबर आधी मिळायला हवा म्हणून. त्यांना दाखवा की सक्तीने घेतलेल्या नंबरांत खोटे आणि न उचलले जाणारे किती असतात; ते आकडे कॉल सेंटरकडे असतात.

पायरी ५: अर्ज

एका पडद्यावर एकच विषय. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाचे डिझाइन नियमही एका पानावर एकच गोष्ट ठेवून सुरुवात करायला सांगतात, आणि कर्जाच्या अर्जाला ते चपखल बसते. टप्प्यांचा क्रम सोप्यापासून अवघडाकडे: स्वतःची माहिती, पत्ता, काम, गाडी, मग कागदपत्रे. कॅल्क्युलेटरमध्ये भरलेली रक्कम आणि मुदत, आणि पात्रतेच्या प्रश्नांत भरलेले उत्पन्न अर्जात आपोआप आले पाहिजे. एकदा दिलेली माहिती त्याच प्रक्रियेत पुन्हा टाइप करायला लावू नये, हेही डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये आहे.

लेबल रकान्याच्या वर, कायम दिसणारे. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेले लेबल टाइप करायला लागताच नाहीसे होते, आणि फोन आला, दोन मिनिटांनी परत बघितले, की इथे काय भरायचे होते ते आठवत नाही.

जन्मतारखेसाठी कॅलेंडर देऊ नका. चाळीस वर्षे मागे जायला किती वेळा बाण दाबावा लागतो ते एकदा करून बघा. दिवस, महिना, वर्ष असे तीन छोटे रकाने ठेवा. मोबाईल नंबरात कोणी मोकळी जागा सोडली, देशाचा कोड लावला तर ते तुम्ही साफ करा, त्याच्यावर ओरडू नका. ओटीपीसाठी सहा वेगळ्या चौकटींऐवजी एकच रकाना घ्या आणि त्याला ‘ऑटोकम्प्लीट’चे वन-टाइम-कोड मूल्य द्या, म्हणजे ज्या फोनवर सोय आहे तिथे आकडा स्वतः भरला जातो.

चूक रकाना सोडल्यावर दाखवा, टाइप होत असताना नाही. तिसरेच अक्षर लिहिले जात असताना ‘ईमेल चुकीचा आहे’ म्हणणारे पान उद्धट वाटते. संदेशात काय करायचे ते हवे. ‘अवैध मूल्य’ याने कोणालाच काही कळत नाही. ‘वर्ष चार अंकी लिहा, जसे १९८८’ याने कळते. नुसता लाल रंग पुरत नाही, शेजारी मजकूर लागतोच, आणि मजकूर व पार्श्वभूमीतला गडद-फिकटपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा. फिकट करड्या अक्षरांतल्या अटी बहुधा इथेच नापास होतात.

प्रत्येक टप्पा पूर्ण होताच माहिती सर्व्हरवर जपून ठेवा आणि अर्ज पुढे चालू करण्याचा दुवा पाठवा. ब्राउझरचे ‘मागे’ बटण दाबून बघा, सगळे पुसले जात असेल तर दुसरे काहीही सुधारण्याआधी ते सुधारा. सुरक्षेसाठी वेळमर्यादा असेल तर ती संपण्याआधी सूचना द्या आणि मुदत वाढवायला किमान २० सेकंद मिळू द्या. पाठवण्याआधी सगळी माहिती एका पानावर दाखवा, प्रत्येक गटासमोर ‘बदला’. तो बदल करून माणूस परत त्याच पानावर आला पाहिजे, पुन्हा सगळे टप्पे ओलांडायला लावू नका.

पायरी ६: कागदपत्रे

‘जेपीजी किंवा पीडीएफ, कमाल १ एमबी’ हा नियम फोनच्या कॅमेऱ्याच्या युगात टिकत नाही. फोटो सहज ३-५ एमबीचा येतो, आणि आयफोन २०१७ पासून एचईआयसी प्रकारात फोटो साठवू शकतो, तो अनेक जुन्या यंत्रणा नाकारतात. माणसाला फाइल लहान करायला सांगण्याऐवजी ब्राउझरमध्येच लांब बाजू सुमारे २,००० पिक्सेलवर आणून जेपीजी करा. बहुतेकदा फाइल १ एमबीच्या आत बसते आणि अक्षरेही वाचता येतात. चार फायलींतली एक अडकली तर बाकीच्या तीन तशाच राहिल्या पाहिजेत. कागदपत्रांची यादी अर्जाच्या सुरुवातीलाच दाखवा, ऐनवेळी शोधाशोध नको.

पायरी ७: नकाराचे पान

हे कोणीच डिझाइन करत नाही, म्हणून ते ‘क्षमस्व, आपला अर्ज मंजूर होऊ शकत नाही’ एवढ्यावर संपते. शक्य तेवढे कारण द्या आणि पुढचा मार्ग दाखवा: डाउन पेमेंट वाढवले तर, मुदत वाढवली तर, सहअर्जदार घेतला तर. कॅल्क्युलेटर त्याच आकड्यांसह तिथे पुन्हा उघडा. ‘तपासणी चालू आहे’ हे पानही लिहा: कोण संपर्क करणार, किती दिवसांत, अर्ज क्रमांक कुठे मिळेल.

पायरी ८: तपासणी आणि उघडणे

कोड लिहिण्याआधी प्रोटोटाइप, म्हणजे पानाचा कच्चा नमुना, पाच जणांपुढे ठेवा. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० साली मांडलेला हा पाचाचा नियम दोष शोधण्यापुरता आहे, टक्केवारी काढण्यासाठी नाही. ‘आवडले का?’ विचारू नका. कर्ज निवडायला सांगा आणि मग विचारा, ‘शेवटपर्यंत एकूण किती भराल?’ उत्तर चुकले तर पान चुकले. दोष दुरुस्त करून दुसऱ्या पाच जणांना बसवा.

वेग स्वस्त फोनवर, मंद नेटवर मोजा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा. गूगलचे हे निकष १०० पैकी ७५ भेटींत पाळले जावेत अशी अपेक्षा असते. पहिला निकष वरचा गाडीचा भलामोठा फोटो बिघडवतो, दुसरा प्रत्येक बदलाला ८४ ओळींचा परतफेड तक्ता नव्याने काढणारा कोड. तक्ता मागितल्यावरच काढा.

जुने आणि नवे पान एकाच वेळी चालवून तुलना करायची असेल तर आधी लागणारी संख्या काढा. ढोबळ सूत्र: प्रत्येक गटात १६ × प × (१−प) ÷ फरकाचा वर्ग. इथे ‘प’ म्हणजे सध्या अर्ज पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण, १०० पैकी ४ असतील तर ०.०४; फरकही तसाच दशांशात, ४ चे ५ म्हणजे ०.०१. सध्या १०० पैकी ४ अर्ज पूर्ण होत असतील आणि ४ चे ५ झाले हे पकडायचे असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ६,१५० लोक लागतात. ४ चे ४.५ पकडायला सुमारे २४,६००. एवढी गर्दी नसेल तर तुलनेचा नाद सोडा आणि टप्प्याटप्प्यांची गळती बघत चला. संख्या पूर्ण व्हायच्या आत निकाल वाचून थांबणे ही नेहमीची चूक.

उघडताना सुरुवातीला १० टक्के लोकांनाच नवे पान दाखवा, चुकांच्या नोंदी बघा, मग निम्म्यांना, मग सगळ्यांना. पानाचा पत्ता तोच ठेवा. बदलावा लागलाच तर ३०१ ने (‘पत्ता कायमचा बदलला’ हे सांगणाऱ्या सर्व्हरच्या संकेताने) वळवा. जुन्या फॉर्ममध्ये अर्धवट भरलेले अर्ज नव्यात ओढायचा प्रयत्न बहुधा अंगाशी येतो, कारण रकाने जुळत नाहीत. ते जुन्याच फॉर्मवर पूर्ण होऊ द्या, आणि अशा शेवटच्या अर्जाची मुदत संपेपर्यंत जुना फॉर्म बंद करू नका.